गच्चीवर जाऊन पडताळता येतील असे खगोलप्रश्न

अ-३०२ (निवृत्त प्राध्यापक, या आठवड्याचे प्रश्नकर्ते) :
सर्वांना नमस्कार. सर्वांत जास्त उपग्रह कोणत्या ग्रहाला आहेत, या कालच्या प्रश्नावरून ग्रुपवर जी चर्चा झाली तिचा निर्णय आधी देतो. उत्तर शनी हेच आहे आणि त्याचे गुण ब-विंगला मिळतील. मात्र ‘गुरू’ असे लिहिणाऱ्यांचा अभ्यास कच्चा आहे असे कोणीही समजू नये. २०२३च्या फेब्रुवारीत गुरूच्या उपग्रहांची संख्या ९२ झाली होती आणि काही महिने तोच पुढे होता. मे महिन्यात शनीने पुन्हा आघाडी घेतली आणि मार्च २०२५मध्ये १२८ नव्या उपग्रहांना एकदम मान्यता मिळून त्याची संख्या २७४ झाली. हे नवे उपग्रह म्हणजे बहुतांशी काही किलोमीटर रुंदीचे अंधूक खडक आहेत. म्हणजे हा आकडा शनीविषयी जितके सांगतो त्याहून अधिक आपल्या दुर्बिणींच्या आवाक्याविषयी सांगतो, आणि तो पुन्हा बदलणार हे नक्की.
म्हणून माझी सूचना अशी की, ज्यांचे उत्तर आपण परभणीत राहून स्वतः आकाशाकडे पाहून पडताळू शकू, किंवा निदान ज्यामागचे कारण सांगावे लागेल, असेच प्रश्न यापुढे एकमेकांना विचारावेत.

ब-१०४ (ताई) :
सर, सूचना चांगली आहे, पण आकडे सरसकट वगळू नयेत अशी माझी विनंती आहे. आपल्या सोसायटीतील काही मुले स्पर्धा परीक्षांची तयारी करत आहेत आणि त्यांना आकड्यांची गरज पडते. शिवाय काही आकडेच विचार करायला लावतात. बुध सूर्याच्या सर्वांत जवळ असूनही शुक्राचा पृष्ठभाग त्याहून तापलेला, म्हणजे सुमारे ४६५ अंश सेल्सिअस आहे, हे वाचल्यावर माझ्या मुलीने लगेच ‘का’ असे विचारले. मग कार्बन डायऑक्साइडच्या दाट आवरणामुळे आत आलेली उष्णता सहज बाहेर पडू शकत नाही, हे तिला सांगता आले. शुक्राला स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करायला सुमारे २४३ दिवस आणि सूर्याभोवती फिरायला सुमारे २२५ दिवस लागतात, हेही तिच्या कायमचे लक्षात राहिले.

अ-३०२ :
ताई, आपले म्हणणे मान्य आहे. ज्या आकड्यानंतर ‘का’ हा प्रश्न येतो तो आकडा अवश्य विचारावा. आजचा पहिला प्रश्न देतो. येत्या ७-८ जूनला मृग नक्षत्र लागेल. त्या रात्री आकाश निरभ्र असेल तर गच्चीवरून आपल्याला मृग नक्षत्र दिसेल का?

क-२०३ (इयत्ता नववी) :
काका, नक्षत्र लागले आहे म्हणजे ते त्या काळात आकाशात असणारच, त्यामुळे रात्रभर दिसेल असे मला वाटते.

क-००२ (आजी) :
बाळा, दिसणार नाही. आम्ही जिंतूरकडच्या खेड्यात वाढलो. तिथे सगळे घर मिरगाची वाट पाहायचे, पेरणीची तयारी त्याच्यावर असायची, पण मिरगाचे तारे त्या दिवसांत कोणाला दिसल्याचे आठवत नाही. ते तारे आम्ही पाहायचो ते थंडीत, हुरड्याच्या दिवसांत, रात्री शेकोटीजवळ बसल्यावर. कारण मात्र सरांनीच सांगावे.

अ-३०२ :
आजींचे उत्तर अचूक आहे आणि पूर्ण गुण त्यांचेच. नक्षत्र ‘लागते’ याचा अर्थ सूर्य त्या नक्षत्राच्या विभागात प्रवेश करतो. साहजिकच ते नक्षत्र सूर्याबरोबर उगवते, त्याच्याबरोबरच मावळते आणि दिवसाच्या उजेडात पूर्ण झाकून जाते. सध्या मे महिन्याच्या मध्यात आपण सूर्यास्तानंतर पश्चिमेकडे पाहिले, तर संधिप्रकाशात मृगाचे काही ठळक तारे क्षितिजाजवळ टेकलेले दिसतील. थोड्याच दिवसांत तेही दिसेनासे होतील आणि जुलैमध्ये, ढगांनी परवानगी दिली तर, ते पहाटे पूर्वेला पुन्हा दिसू लागतील. सूर्य वर्षभरात २७ नक्षत्रांमधून जातो, त्यामुळे एका नक्षत्रात तो साधारण साडेतेरा दिवस राहतो. पंचांगातील रोहिणी, मृग, आर्द्रा ही पावसाची रांग म्हणजे सूर्याच्या मार्गाचेच वेळापत्रक आहे.
आणखी एक गोष्ट सांगण्याचा मोह होतो. पृथ्वीचा अक्ष सुमारे २६,००० वर्षांत एक गिरकी घेतो. त्यामुळे मृगाची ही तारीख आपल्या कॅलेंडरमध्ये सुमारे ७० वर्षांत एक दिवस पुढे सरकते. पाऊस मात्र ऋतूंप्रमाणे येतो आणि ऋतू ताऱ्यांच्या या घसरणीबरोबर सरकत नाहीत. म्हणून काही हजार वर्षांनंतर मृग आणि पेरणी यांची सांगड राहणार नाही.

ब-३०१ (अभियांत्रिकीचा विद्यार्थी) :
सर, पुढचा प्रश्न मी विचारतो. ध्रुवतारा हा आकाशातील सर्वांत तेजस्वी तारा आहे का, आणि परभणीतून तो क्षितिजापासून किती उंचीवर दिसतो?

ब-१०४ (ताई) :
पहिल्या भागाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. रात्रीच्या आकाशातील सर्वांत तेजस्वी तारा व्याध आणि त्याच्या खालोखाल अगस्त्य. दुसऱ्या भागाचे उत्तर मला येत नाही.

ब-३०१ :
ताई, अगदी बरोबर. ध्रुवतारा तेजस्वितेच्या क्रमवारीत पहिल्या चाळिसांतही येत नाही, त्यामुळे उत्तरेला सर्वांत झगमगणारा तारा शोधायला गेलेला माणूस हमखास चुकतो. दुसऱ्या भागाचे उत्तर असे आहे की, आपण ज्या अक्षांशावर राहतो, जवळपास तितक्याच अंशांवर ध्रुव दिसतो. परभणीचा अक्षांश १९ अंशांहून किंचित जास्त आहे. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण १० अंश व्यापते. उत्तर क्षितिजावर एकावर एक दोन मुठी ठेवल्या की वरच्या मुठीच्या टोकाशी ध्रुव असायला हवा. सध्या रात्री नऊच्या सुमारास सप्तर्षी उत्तरेला उंच आलेले असतात. त्यांतील पुलह आणि क्रतू हे तारे जोडणारी रेषा तशीच पुढे वाढवली की ती ध्रुवाजवळ पोहोचते. आज रात्री मी आणि क-विंगमधील मुले पाण्याच्या टाकीशेजारून हे पाहणार आहोत. सचिवांनी गच्चीचा दिवा अर्धा तास बंद ठेवला तर मोठी मदत होईल.

सचिव :
दिवा नऊ ते साडेनऊ बंद राहील. लहान मुलांबरोबर एक मोठी व्यक्ती असावी. माझाही एक प्रश्न आहे. १७ मेच्या आसपास आपल्याकडे सावली नाहीशी होते असे ऐकले. ती बरोबर बारा वाजता नाहीशी होते का?

अ-३०२ :
सचिवसाहेब, आपल्या घड्याळाची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि परभणी त्याच्या पश्चिमेला, ७६.८ अंशांच्या जवळ आहे. दर अंशाला चार मिनिटे या हिशेबाने सूर्य आपल्या माथ्यावर सुमारे २३ मिनिटे उशिरा येतो. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि अक्ष कललेला असल्यामुळे मेच्या मध्यात सूर्य घड्याळापेक्षा साडेतीन मिनिटांनी पुढे असतो, तेवढी मिनिटे वजा करावी लागतात. म्हणजे आपला खरा मध्यान्ह १२ वाजून १९ मिनिटांच्या आसपास होईल. बाराला गच्चीवर जाऊन सव्वाबाराला परत येणाऱ्याची खात्री पटेल की सावली नाहीशी होतच नाही.
लातूरला हा दिवस तीन-चार दिवस आधी येतो आणि छत्रपती संभाजीनगरला दोन-तीन दिवस नंतर, कारण सूर्य या काळात उत्तरेकडे सरकत असतो. परतीच्या वाटेवर २७ जुलैच्या सुमारास तो पुन्हा आपल्या माथ्यावरून जातो, पण तेव्हा आभाळ भरलेले असण्याची शक्यता जास्त, म्हणून ही संधी सोडू नये. कर्कवृत्ताच्या उत्तरेला असलेल्या दिल्लीत हे कधीच दिसत नाही. एक सरळ उभा पाइप आणि ओळंबा पुरेसा आहे. ऊन तीव्र असेल, तेव्हा सर्वांनी डोक्याला रुमाल बांधावा, पाणी जवळ ठेवावे आणि सूर्याकडे थेट मुळीच पाहू नये.

क-२०३ :
काका, औंढ्याजवळ जे लायगो होणार आहे, तिथली दुर्बीण आपल्याला पाहता येईल का?

अ-३०२ :
हा प्रश्न तू विचारलास याचा मला मनापासून आनंद झाला, कारण आपल्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात काय उभे राहणार आहे हे आपल्यालाच ठाऊक नसावे हे मला खटकत होते. लायगो ही प्रकाश टिपणारी दुर्बीण नाही. औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळा गावाजवळ एकमेकींशी काटकोनात असलेल्या, प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असतील. त्यांतून लेसरचे किरण नेऊन आरशांवरून परत आणले जातील. गुरुत्वीय लहर, म्हणजे अवकाशालाच ताणत-आखडत जाणारी लाट, गेली की एक भुजा किंचित लांबते, दुसरी आखडते आणि तो फरक परतलेल्या किरणांच्या मिलाफात उमटतो. फरक किती, तर प्रोटॉनच्या व्यासाच्याही शेकडोपट लहान. त्यामुळे जमिनीचा कंप जिथे कमी, अशी शांत जागा लागते.
१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील दोन लायगो केंद्रांनी अशी लहर प्रथम नोंदवली. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली होती. त्या दोन केंद्रांपैकी लिव्हिंग्स्टनला लहर आधी पोहोचली आणि सुमारे ७ मिलिसेकंदांनी हॅनफर्डला. पोहोचण्याच्या वेळेतील या फरकावरूनच स्रोताची दिशा काढतात. इटली आणि जपानमध्येही असे शोधक आहेत, तरीही त्या सर्वांपासून दूर भारतात एक केंद्र आले तर दिशा पुष्कळ अधिक नेमकी सांगता येईल. केंद्र सरकारने एप्रिल २०२३मध्ये या प्रकल्पाच्या उभारणीला मंजुरी दिली, खर्च सुमारे २,६०० कोटी रुपये. तू आत्ता नववीत आहेस. भौतिकशास्त्र मन लावून शिकलास तर तिथे काम करणे तुला अशक्य नाही.

क-००२ (आजी) :
सर, नागनाथाच्या दर्शनाला आम्ही इतक्यांदा गेलो, पण हे कोणी इतके नीट सांगितले नव्हते. पुढच्या वेळी नातवाला ती बाजूही दाखवेन.

अ-३०२ :
अवश्य दाखवा, आजी. उद्यासाठी प्रश्न देऊन ठेवतो : परभणीतून रात्री बारा वाजता शुक्राची चांदणी कधी दिसू शकेल का? फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहिल्यास अर्धा गुण मिळेल. पूर्ण गुणासाठी सूर्य, पृथ्वी आणि शुक्र यांची आकृती कागदावर काढून तिचा फोटो रात्री आठपर्यंत इथे पाठवावा.