नव्या छोट्या पिस्तुलाचा पहिला अनुभव

प्रश्न : नमस्कार. परवान्यावर घेतलेले .३२ बोअरचे छोटे पिस्तूल मी रविवारी नागपुरातील रेंजवर प्रथमच चालवले. १० मीटरवरून झाडलेल्या बहुतेक गोळ्या डावीकडे खाली लागल्या आणि एवढ्याशा काडतुसाचा झटकाही अपेक्षेपेक्षा तीक्ष्ण वाटला. मी उजव्या हाताने नेम धरतो. दोष शस्त्राचा की माझा?

उत्तर १ : झटक्याचे कारण रचनेत आहे. या बोअरच्या पिस्तुलांत बहुधा ब्लोबॅक पद्धत असते. नळी जागीच पक्की राहते आणि स्लाइडला (मागे-पुढे सरकणाऱ्या वरच्या भागाला) केवळ तिचे वजन व स्प्रिंग थोपवतात, त्यामुळे काडतूस सौम्य असूनही धक्का थेट तळहातावर येतो. शिवाय नेम धरण्याच्या पुढच्या-मागच्या दोन साइटमधील अंतर १२ सेंटिमीटर असेल, तर पुढची साइट १ मिलिमीटर सरकल्यास १० मीटरवर गोळी सुमारे ८ सेंटिमीटर चुकते.

उत्तर २ : डावीकडे खाली जाणे हे बहुधा ट्रिगर हळू न दाबता हिसकल्याचे लक्षण असते. मित्राला मॅगझिनमध्ये मधेच एखादे डमी (न उडणारे) काडतूस भरायला सांगा. त्यावर ट्रिगर दाबताना नळी खाली झुकली, तर उत्तर आपोआप मिळेल. (आपल्याकडच्या मे महिन्यात घामेजलेली मूठही सरकते, हे विसरू नका.)

प्रश्नकर्ता : आभारी आहे. साइट फिरवण्याआधी डमी काडतुसेच आणतो.