मदत हवी आहे : मोडलेला दात ‘साधी दुखापत’ कसा?

नमस्कार मंडळी. बांधावरच्या भांडणात वडिलांच्या तोंडावर बुक्की बसली आणि पुढचा एक दात हिरडीपाशी मोडला. तुकडा आईने काडेपेटीत ठेवलाय. त्याच रात्री दवाखान्यात नेलं. दाखल्यावर शेरा आला ‘साधी दुखापत’, आणि त्यावरून पोलिसांनी फक्त एनसी घेतली (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, जिचा तपास पोलीस स्वतःहून करत नाहीत). दाताचा एक्सरे त्या रात्री काढलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी आम्ही बाहेरून काढून घेतला. त्यात मूळ आत आणि वरचा भाग गेलेला स्पष्ट दिसतोय.

मग मी भारतीय न्याय संहिता काढून बसलो. कलम 114 प्रमाणे शारीरिक वेदना, रोग किंवा विकलता आणली की ती दुखापत. कलम 116 मध्ये जबर दुखापतीचे आठ प्रकार आहेत आणि सातवा प्रकार सरळ ‘हाड किंवा दात मोडणे अथवा निखळणे’ असा आहे. दात हा शब्दच तिथे आहे! आठव्यात पंधरा दिवस रोजची कामं करता न येणं येतं (जुन्या दंड संहितेत वीस दिवस होते), पण वडील आठवड्यात शेतावर जायला लागले, म्हणून तो मुद्दा मी धरत नाही.

फरक केवळ शब्दाचा नाही. साधी दुखापत 115(2) खाली जाते : एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि गुन्हा अदखलपात्र. जबर दुखापतीला 117(2) खाली सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड, आणि गुन्हा दखलपात्र. म्हणजे त्या एका शेऱ्यामुळे आज तपासच होत नाहीये.

चुलते म्हणतात, मनस्ताप झाला तेही लिहा, कायद्यात ‘क्षती’मध्ये मन आणि लौकिकही येतो. व्याख्येत येतो हे खरं, पण दुखापतीच्या कलमात मनाचा उल्लेख मला दिसला नाही. माझं वाचन चुकत असेल तर सांगा.

विचारायचं ते हे. एक्सरे आणि दंतवैद्याचं पत्र घेऊन आधी त्याच डॉक्टरांकडे शेरा बदलायला अर्ज करायचा, की थेट पोलीस अधीक्षकांकडे जायचं? एनसीचा तपास व्हावा म्हणून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 174 खाली न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, तो अर्ज वकिलाशिवाय देता येतो का? आणि मुळाशी राहिलेला अर्धा दात ‘मोडणे’त धरतात, की अख्खा पडावा लागतो? यावर कोणी प्रत्यक्ष केस लढवली असेल तर कृपया लिहा. दंतवैद्य उरलेलं मूळ सोमवारी काढणार आहेत. त्याआधी आणखी कुठला पुरावा घेऊन ठेवू?