एबीएस नसलेल्या छोट्या गाडीचे ब्रेक: पैसे टायरवर घालावेत की पॅडवर?

डांबरी
एप्रिल 2019 पासून नव्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं. त्याआधीच्या अल्टो-वॅगनआर वर्गातल्या बऱ्याच गाड्या त्याविनाच धावतायत. ब्रेक कमी लागतात म्हटलं की लोक भारीतले पॅड किंवा भोकांची डिस्क शोधायला लागतात. माझ्या मते पहिला पैसा टायरवर.

मोकळ्या, कोरड्या, सरळ रस्त्यावर मागे कोणी नसताना 40 च्या वेगात पूर्ण जोराने ब्रेक दाबा. चाकं लॉक झाली, म्हणजे फिरायची थांबून घसरली, तर ब्रेकमध्ये ताकद आहे, कमी पडतेय ती रबराची पकड. 80 च्या वेगातून थांबायला पकडीचा गुणांक 0.7 असेल तर सुमारे 36 मीटर लागतात, 0.8 असेल तर साडेएकतीस. फरक अख्ख्या अल्टोहून लांब. टायरवरच्या चार आकडी कोडात तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष असतं. नक्षी शाबूत असली तरी सहा-सात वर्षांत रबर कडक होतं. अल्टोच्या 145/80 आर12 (रुंदी मिमी, उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत) ऐवजी 13 इंची रिमवर जास्त रुंद 155/65 घातला तर व्यास 537 वरून 532 मिमी होतो, म्हणजे स्पीडोमीटरला धक्का नाही.

घाटउतार
सपाटीवरच्या एका दाबापुरतं बरोबर. पण कोयनेकडून चिपळूणला उतरताना, कुंभार्लीत, टायर काय करणार? हजार किलोची गाडी 600 मीटर उतरली की सुमारे 5.9 मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. 80 वरून थांबायला पाव मेगाज्यूल पुरते. म्हणजे चोवीस इमर्जन्सी ब्रेक एकामागोमाग. काही वाटा इंजिन आणि हवा उचलते, उरलेलं सगळं पुढच्या डिस्कचे पॅड, मागच्या ड्रममधले लायनर आणि ब्रेक ऑइलच्या डोक्यावर.

पेडल दगडासारखं कडक पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापलेत. पेडल मऊ होऊन खाली जातं, तर ऑइल उकळलंय. दोन्हीचे उपाय वेगळे. पॅडच्या पाठीवर किंवा कडेला बहुधा दोन अक्षरी कोड असतो: पहिलं अक्षर नेहमीच्या तापमानाचं घर्षण, दुसरं तापल्यावरचं. ई म्हणजे 0.25 ते 0.35, एफ म्हणजे 0.35 ते 0.45. ‘एफई’ पॅड घाटात ढिला पडेल, ‘एफएफ’ टिकेल. कोडच नसलेला स्वस्त पॅड घेऊ नका.

लायनर_ड्रम
दोघेही मागची चाकं विसरलात. छोट्या गाडीत पेडल खोल जाण्याचं नेहमीचं कारण मागे सापडतं. लायनर झिजेल तसा तो ड्रमजवळ सरकवणारा सेल्फ ॲडजस्टर गंजून बसतो, लायनर ड्रमपासून लांब राहतो, आणि पेडलचा अर्धा प्रवास ती फट भरण्यातच जातो. मग गॅरेजवाला हँडब्रेकची केबल आवळून देतो. हा उलटा इलाज. केबल ताणलेली राहिली की शूची (लायनर बसवलेल्या पट्टीची) लिव्हर मूळ जागी परतत नाही आणि ॲडजस्टर काम करणं थांबवतो.

आधी केबल ढिली करा. ड्रम काढून धूळ ओल्या फडक्याने पुसा; हवेने उडवू नका, ती फुफ्फुसात जाते. व्हील सिलिंडरचं (ऑइलच्या दाबाने शू ढकलणाऱ्या भागाचं) रबर वर करून बघा, आत ओल दिसली तर बदला. ॲडजस्टर साफ करून ड्रम हलकासा घासेल इतका फिरवा. केबल सगळ्यात शेवटी.

पुढे कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना काढून सिलिकॉन ग्रीस लावा. साधं ग्रीस रबर फुगवतं, पीन अडकते, एकच पॅड झिजतो. आणि ऑइल: डॉट 3 दर्जाचं ताजं असताना किमान 205 अंशांना उकळतं, पाणी शोषल्यावर 140 ला. डॉट 4 चे आकडे 230 आणि 155. दर दोन वर्षांनी बदला, अर्धा ते एक लिटर पुरतं. ऑइल बदलून लाइनमधली हवा काढताना जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत दाबू नका, खाली लाकडाचा ठोकळा ठेवा. नाहीतर मास्टर सिलिंडरची (पेडलमागे ऑइलला दाब देणाऱ्या भागाची) सीलं कधी न गेलेल्या गंजक्या भागावर घासून फाटतात.

वेगळाच
एवढा खटाटोप कशाला? मागेही डिस्क बसवून टाका.

लायनर_ड्रम
ब्रेक मारला की वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात. मागच्या लाइनचा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागे जाणारा दाब कमी ठेवणारा) ड्रमच्या हिशेबाने असतो. डिस्क लावलीत आणि मागचं आधी लॉक झालं तर गाडी स्वतःभोवती फिरेल. हँडब्रेक आणि आरटीओ हे प्रश्न वेगळेच.

डांबरी
ड्रम आणि ऑइलचं मान्य, ती दुरुस्ती पहिली. पण घाटउतार, गुळगुळीत टायरवर जास्त पकडीचा पॅड लावलात तर पुढची चाकं पावसात आणखी लवकर लॉक होतील आणि स्टिअरिंग जाईल.

घाटउतार
म्हणून याहून जास्त घर्षणाचा ‘जीजी’ सुचवला नाही, ‘एफएफ’वर थांबलो. तुमच्या 155/65 ची मात्र लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) तपासा. मूळ टायरपेक्षा कमी असेल आणि घरचे पाच जण सामानासकट जाणार असतील, तर 12 इंचीच बरा. नवे पॅड लावल्यावर 50 वरून 10 पर्यंत आठ-दहा वेळा मध्यम दाबाने ब्रेक मारा, मधे थंड होऊ द्या. पूर्ण थांबून पाय दाबून ठेवला तर डिस्कवर पॅडचा थर चिकटतो आणि पुढे पेडल थरथरतं.

वेगळाच
आणि घाटात ब्रेक सारखा हलका दाबून ठेवायचा का?

घाटउतार
अजिबात नाही. उतार लागण्याआधीच दुसरा गिअर, मग नीट दाबून वेग कमी करायचा आणि पाय उचलायचा. इंजिन बंद करून उतरू नका. पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरचा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो.