डिशचा रिचार्ज बंद करावा का? (आईला अजून सांगितलेलं नाही)

फास्ट_लोकल
रविवारी आमच्या डिशचा रिचार्ज संपतोय आणि यावेळी करायचाच नाही असं मी आणि बायकोने ठरवलंय, म्हणजे जवळजवळ ठरवलंय, कारण आईला अजून सांगितलेलं नाही. आम्ही दोघं मोबाईलवर बघतो, पोरगा यूट्यूबवर असतो, टीव्ही फक्त संध्याकाळी सात ते साडेदहा आईसाठी चालू. पैशांचं एवढं काही नाही. २०१९ ला ट्रायचे, म्हणजे टीव्हीवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचे, नवीन नियम आले तेव्हा १३० रुपये अधिक जीएसटी म्हणजे १५३ रुपये नुसतं भाडं आणि वर चॅनेलचे वेगळे हे बघून डोकं फिरलं होतं, पण ते आता सवयीचं झालं. प्रश्न असा की जे लागतं ते बघण्यासारखं आहे का.

परवा मुद्दाम आईशेजारी बसलो आणि मोबाईलवर स्टॉपवॉच लावलं. मालिकेतल्या सुनेच्या हातून पूजेचं ताट पडलं. ताट पडायला एक सेकंद. मग सासू, सासरे, मोठी जाऊ, दीर, आत्या, दारात कशासाठी तरी आलेला दूधवाला, सगळ्यांचे चेहरे, सासूचा तीनदा, मग ताट परत एकदा हळूहळू पडलं आणि कुंकू उडालं. दोन मिनिटं चाळीस सेकंद. मग ब्रेक. ब्रेकनंतर ताट पुन्हा पडलं. आई मेथी निवडत होती, तिने मान वर करूनही बघितलं नाही.

तर मंडळी, मत द्या. भांडण नको.

अनुस्वार
भांडण नको म्हटलं की होतंच.

बंद करा. मी केला, चार वर्षं झाली, काही अडलं नाही. ज्यांनी २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालेलं मुंबई दूरदर्शन बघितलंय त्यांना आताचं बघवतच नाही. चिमणराव-गुंड्याभाऊ आठवा, प्रभावळकर आणि बाळ कर्वे. सेट म्हणजे चार भिंती आणि एक आरामखुर्ची, पण हसून पोट दुखायचं. बातम्या वाचायला स्मिता पाटील असायची, आवाज न चढवता बातमी सांगता येते हे तेव्हा कुणाला शिकवावं लागत नव्हतं. आता बातम्या लावल्या की सहा चौकटीत सहा जण एकदम बोलतात आणि सातवा, जो अँकर, तो सगळ्यांपेक्षा जोरात. आणि मालिकांचं तर काय बोलावं, गंगाधर टिपरे आठवड्यातून एकदा लागायची आणि आठवडाभर पुरायची. आता आठवड्यातून सहा दिवस लागतात आणि एक दिवसही पुरत नाहीत.

मीच_ती
अनुस्वार काका, चिमणराव आम्हीही बघितला. फक्त दारातून.

परळला आमच्या चाळीत मजल्यावर एकच टीव्ही होता, लाकडी शटरचा. रविवारच्या पिक्चरला पोरांकडून चार आणे घ्यायचे आणि चार आणे नसतील तर उंबऱ्याबाहेर उभं राहायचं. मग पिक्चर रंगात आला की त्यांच्या घरी पाहुणे यायचे आणि दार लोटलं जायचं. मी अर्धे पिक्चर नुसते ऐकलेत, अजून काहींचा शेवट माहीत नाही. त्यामुळे तो काळ किती छान होता असं कोणी म्हटलं की मला पहिला प्रश्न पडतो, तुम्ही दाराच्या आत होतात की बाहेर?

आज माझ्या घरी कामाला येणारी बाई तिच्या स्वतःच्या घरी, स्वतःच्या टीव्हीवर, पाय पसरून मालिका बघते. दर्जा बिर्जा नंतर बोलू.

अनुस्वार
हा भावनिक मुद्दा झाला. दर्जाचं काय ते सांगा ना. दारातून बघितलं म्हणून चिमणराव वाईट होत नाही आणि पाय पसरून बघितलं म्हणून ताट पडणं चांगलं होत नाही.

मीच_ती
बरं, दर्जा. हास्यजत्रा २०१८ पासून चालू आहे, इतकी वर्षं प्रहसनं लिहून लोकांना हसवत राहणं सोपं वाटतं का? आणि गंमत म्हणजे टीव्ही फालतू म्हणणारे सगळे तिच्याच क्लिपा व्हॉट्सअपवर ढकलत असतात. काका, तुम्हीपण ढकलता. यूट्यूबवर बघितलं तरी ते टीव्हीनेच बनवलेलं आहे, विहीर बुजवली म्हणता आणि पाणी शेजारच्या नळावरून भरता.

कॉलशीट
मी मालिकांच्या एडिटिंगमध्ये आहे, नाव-गाव विचारू नका. ताटाबद्दल सांगतो, कारण अशी ताटं मीच पाडलीत, आतापर्यंत शंभर तरी.

अर्ध्या तासाचा स्लॉट असतो, जाहिराती वजा जाता साधारण २२ मिनिटं भरायची. रोज. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, आणि चॅनेलकडून मंजूर होऊन सीनचा कागद कित्येकदा सेटवर मेकअप चालू असताना येतो. घोडबंदर रोडला नाहीतर मढला बंगला भाड्याने घेतलेला, बारा-तेरा तासांची शिफ्ट, त्यात एक अख्खा एपिसोड निघायला पाहिजे. सुरुवातीला बारा-पंधरा एपिसोडची बँक, म्हणजे आधीच करून ठेवलेला साठा, असते तोपर्यंत सगळं छान असतं, तुम्ही नीट बघितलंत तर कुठल्याही मालिकेचा पहिला महिना बरा दिसेल. मग कोणी कलाकार आजारी पडतो, पावसाने दोन दिवस जातात, बँक संपते आणि सकाळी शूट केलेलं दुसऱ्या दिवशी रात्री ऑन एअर जायची वेळ येते. माझ्याकडे फुटेज येतं १९ मिनिटांचं. उरलेली तीन मिनिटं कुठून आणू? चेहरे. म्हणून सासू तीनदा.

लेखक मूर्ख आहेत असं समजू नका. माझ्या ओळखीचे जवळपास सगळे नाटकातून आलेत, वाचणारे लोक आहेत. पण दर गुरुवारी बार्कचे, म्हणजे किती लोकांनी बघितलं त्याचे, आकडे येतात आणि पॉइंट दोनने जरी खाली गेलं तरी शुक्रवारी ट्रॅक बदलतो. शांत, साधा एपिसोड आम्हीपण केलाय, दोन माणसं गॅलरीत बसून बोलतात, बास. मला फार आवडला होता. त्या आठवड्यात आकडा पडला. पुढच्या आठवड्यात अपहरण. आणि त्या एपिसोडचे पैसे नेहमीसारखे ९० दिवसांनी.

तेव्हा बघू नका म्हणणाऱ्यांवर माझा राग नाही. तुम्ही शांत एपिसोड टाकून गेलात आणि अपहरणाला परत आलात, त्यावर आहे.

अनुस्वार
हे वाचून वाईट वाटलं खरंच. पण मग माझंच म्हणणं खरं ठरलं की. आठवड्यातून एकदा असती तर तुमच्यावर ही वेळ आली नसती.

कॉलशीट
आठवड्यातून एकदा असती तर घरभाडं कशातून भरू?

पंचगंगा_काठी
तुमचं मुंबईवाल्यांचं चालूद्या, जरा आमचं पण ऐका. आमच्याकडं दूरदर्शनची फ्रीडिश हाय, एकदा छत्री बसवली की महिन्याला रुपया न्हाई, त्यामुळं बंद करायचा प्रश्नच येत न्हाई. आज्जीला अक्षरवळख न्हाई आणि गुडघ्यानं बाहेर जाता येत न्हाई, तिला टीव्ही म्हंजी तिची खिडकी हाय. मालिकेतल्या खलनायिकेला ती रोज तोंडावर शिव्या देती, अगदी नावानिशी, त्यानं तिचं बीपी बरं राहतंय असं माझं ठाम मत हाय.

पण एक राग हाय. कोल्हापूरची म्हणून पैलवानाची मालिका आली २०१६ ला, तुझ्यात जीव रंगला. शूटिंगचा वसगड्याचा वाडा बघायला बाहेरनं गाड्या यायला लागल्या, गावाचं नाव झालं, सगळं मान्य. पण त्यानंतर माझ्या पुण्यातल्या ऑफिसात मी तोंड उघडलं की कोणतरी त्या पैलवानाचं 'चालतंय की' म्हणतंय. मी साधं चहा घेऊया म्हटलं तरी. गावाकडचा माणूस म्हंजी भोळा नाहीतर गुंड, ह्याच्या मधलं तुमच्या टीव्हीला काय दिसतंच न्हाई. माझा भाऊ बँकेत हाय, हप्ते भरतो, बायकोसंगं जीएसटीवरनं भांडतो. त्याच्यावर मालिका कधी?

मीच_ती
ही मालिका मी बघेन.

कॉलशीट
पहिला महिना छान करू. मग अपहरण.

नळावरची_नाना
मालिका गेल्या खड्ड्यात, मी टीव्ही ठेवलाय फक्त बातम्यांसाठी. २३ नोव्हेंबर २०१९ ची सकाळ आठवा. रात्री झोपताना एक सरकार येणार म्हणून झोपलो आणि सकाळी दात घासता घासता टीव्ही लावला तर राजभवनात फडणवीस-अजित पवारांचा भलताच शपथविधी होऊन गेलेला. मी बायकोला हाक मारली, तिला वाटलं मी जुनी बातमी बघतोय. शेजारचे ब्रश तोंडात ठेवूनच आमच्याकडे आले. मोबाईलवर तीच बातमी आली असती तर मी फेक म्हणून सोडून दिली असती.

अनुस्वार
नाना, तसा दिवस पाच वर्षांतून एकदा येतो. बाकीचे दिवस काय बघता?

नळावरची_नाना
तोच दिवस परत येतोय का ते बघतो.

फास्ट_लोकल
अपडेट. बायकोने हा धागा आईला मोठ्याने वाचून दाखवला, म्हणजे आता सांगायचं काही राहिलं नाही. आई रागावली नाही. म्हणाली, "मला काय कळत नाही का ताट तीनदा पडतं ते? मेथी काय मी उगाच घेऊन बसते? घरात तुम्ही तिघं तीन मोबाईलवर, कोणीतरी मराठीत बोलत असतं घरात, म्हणून लावते." मग थोडा वेळ काहीच बोलली नाही आणि मीपण नाही.

एका महिन्याचा रिचार्ज केलाय. काल जेवताना टीव्हीसमोरच बसलो तिघंही, पोराने पहिल्या दहा मिनिटांत ओळखलं की खरी आई कोण आहे, आजी एकदम खूश.

आणि कॉलशीट, आईने खास तुम्हाला विचारायला सांगितलंय, साडेआठच्या मालिकेत तो नवरा परत येतो की मेलाच? शेजारच्या काकूंशी पैज लागलीय.

कॉलशीट
मावशींना नमस्कार सांगा. मेलाय सध्या. पण गुरुवारपर्यंत पैशे देऊ नका म्हणावं.