हैदराबादच्या वंडरलात फास्ट ट्रॅक घ्यावं का? निम्मे पासवर, निम्मे साध्या रांगेत असं होऊन राहिलं

प्रतापनगरची_आई

मंडळी, नमस्कार. दिवाळीच्या सुट्ट्यांत आम्ही हैदराबादला चाललो, दोन घरं मिळून आठ जण, आम्ही चौघं आणि माझ्या धाकट्या दिरांचे चौघं, सिकंदराबाद वंदे भारतची तिकिटं पण काढून झाली. एक अख्खा दिवस वंडरलासाठी, म्हणजे तिथल्या राईड आणि पाण्याच्या मोठ्या पार्कसाठी ठेवलाय, पोरांचं कधीपासून तेच सुरू आहे. आता दिरांनी त्यांच्या चौघांसाठी फास्ट ट्रॅक घ्यायचं ठरवलंय, म्हणजे वेगळ्या गेटने सरळ पुढे, आणि आमचं बजेट तेवढं नाही. म्हणजे माझी पोरं साध्या रांगेत आणि त्यांची चुलत भावंडं बाजूने पुढे, हे चित्र मला आत्तापासूनच बघवत नाही.

आणि खरं सांगू का, बजेट असतं तरी मी घेतलं असतं की नाही माहीत नाही. मागच्या उन्हाळ्यात इथेच नागपूरजवळ एका वॉटर पार्कात गेलो होतो. उंच स्लाइडच्या लोखंडी पायऱ्या तापलेल्या, अनवाणी पोरं डोक्यावर ट्यूब धरून एका पायावरून दुसऱ्या पायावर होऊन राहिली होती, आणि वेगळ्या रंगाचा पट्टा बांधलेला ग्रुप आला की वरचा माणूस साखळी काढून त्यांना सोडायचा, खाली जाऊन ते परत यायचे आणि परत सोडायचा. आमची रांग तिथल्या तिथे. कोणी काही बोललं नाही, मीही नाही, पण फार लागलं मनाला.

तर विचारायचं असं की पास नसलेल्यांची रांग यामुळे खरंच हळू होते का की मला तसं वाटतं? आणि मोबाइलवर नंबर लावायची व्हर्च्युअल रांग म्हणतात ती बरी असते का? कोणी जाऊन आलं असेल तर सांगा.

वर्धारोडवाला

ताई आधी तारीख सांगा. कारण सगळं त्यावर आहे. आपल्याकडे दिवाळीची लांब सुट्टी असते, पण तेलंगणात शाळांची मोठी सुट्टी दसऱ्याला असते, बतुकम्मा या तिकडच्या सणाच्या वेळी, दिवाळीला तिकडे एखादा दिवस. म्हणजे तुमची सुट्टी चालू असताना तिथली पोरं शाळेत असणार! सोमवार ते गुरुवारमधला दिवस धरला तर माझ्या मते फास्ट ट्रॅकचे पैसे पाण्यात, कारण रांग नसेल तर काय ओलांडणार. शनिवार-रविवार असेल तर गोष्ट वेगळी. महाराष्ट्रातून आपल्यासारखे जातात ते थोडेफार असतीलच पण त्याने पार्क भरत नाही.

दुसरं, वंदे भारत पहाटे पाचला निघून दुपारी पोचते, त्या दिवशी पार्क धरू नका. वंडरला आहे रविर्यालला, आउटर रिंग रोडवर, सिकंदराबाद स्टेशनपासून बरंच दूर, राहायचं त्या बाजूला बघा म्हणजे गेट उघडायच्या आधी दारात हजर राहाल. सकाळचा पहिला दीड तास फार मोलाचा, मोठ्या कोस्टर तेव्हाच उरकून घ्यायच्या, पाण्याच्या राईड उशिरा उघडतात त्यामुळे सकाळी त्यांचा विचारच नको. मग सगळी गर्दी पाण्याकडे पळाली की कोरड्या राईड रिकाम्या सापडतात. कुठली राईड किती वाजता सुरू ते फोन करून विचारून घ्या, आणि फास्ट ट्रॅक एका राईडला एकदाच चालते की कितीही वेळा हेही दिरांना पैसे भरायच्या आधी विचारायला लावा.

साखळीवाला_भाऊ

ताई, तुमाले वाटते ते खरं आहे. मी आयटीआय झाल्यावर एका पार्कात राईड ऑपरेटर होतो, नाव नाही सांगत, पण आतून कसं चालते ते सांगतो.

राईड तासाले किती माणसं काढते हे ठरलेलं असते. समजा गाडीत २४ सीटा आहे आणि दर दोन मिनिटाले एक गाडी सुटते, म्हणजे तासाले ३० गाड्या, ७२० माणसं. पास विकला म्हणून सीट वाढत नाही. आता तुमच्या पुढं ३६० जण उभे आहे. पासवालं कोणीच नसन तर अर्ध्या तासात तुमचा नंबर. निम्म्या सीटा पासच्या गेटातून भरल्या तर साध्या रांगेले तासाले ३६० च सीटा उरल्या, म्हणजे तुमचा पुरा एक तास गेला. पासवाल्याची वाचलेली मिनिटं हवेतून नाही येत, साध्या रांगेतूनच येते. आता कोणी म्हणन का पास नसता तर ते लोकं पण रांगेतच असते ना, हो असते, पण तुमच्या मागं असते. अकराले उभा राहिलेल्याच्या पुढं साडेअकराचा माणूस जाते, एवढाच फरक आहे आणि तोच टोचते.

याच्याहून वाईट म्हणजे गाडी हळू झाली का. बेल्टचं लॉक लागलं नाही, कोणाचा गॉगल पडला, लहान पोरगं ऐन वेळेवर रडाले लागलं, दोन मिनिटाची गाडी चार मिनिटाले जाते. तेव्हा वरून सांगणं असे का पासवाली रांग वाढू द्यायची नाही, काहून तर त्याचे पैसे घेतले आहे. मग जेवढी तूट ते सगळी साध्या रांगेच्या अंगावर. सांगाले नियम होता का इकडचे सहा सोडायचे मंग तिकडचे सहा, पण रविवारी पासच्या बाजूनं बारा-बारा जाय. साखळी माह्या हातात राहे. साध्या बाजूचा पहिला माणूस आपल्याकडंच पाहत राहते, त्याले काय सांगावं, मान खाली घालून साखळी लावायची. पास विकणारा काउंटरवर एसीत असते, लोकायचं तोंड पाहायचं काम आमच्याकडं.

म्हणून एक करा. रांगेत लागायच्या आधी बाजूला उभं राहून दोन-तीन गाड्या पाहा, कोणत्या गेटातून किती माणसं चढून राहिली ते मोजा. पासच्या गेटातून निम्म्याच्या वर जात असन तर ते राईड आत्ता सोडा, बाकीचे जेवाले गेले का या.

सध्या_फ्लोरिडात

मूळचा नागपूरचा, सध्या ऑरलँडोच्या जवळ राहतो, पाहुणे आले की डिस्नेच्या चकरा होतात म्हणून इथलं सांगतो, कारण आपल्याकडे पुढे काय येऊ शकतं ते त्यातून कळतं. डिस्नेने १९९९ मध्ये फास्टपास आणला तेव्हा तो फुकट होता. राईडजवळच्या मशीनमध्ये आपलं तिकीट घालायचं, वेळ छापलेली चिठ्ठी यायची, त्या वेळेला परत येऊन छोट्या रांगेतून आत. ज्याचं तिकीट त्याला तो मिळायचा, जास्तीचे पैसे नाहीत. २००१ मध्ये अमेरिकेतल्याच जॉर्जियातल्या सिक्स फ्लॅग्ज या पार्कमध्ये लो-क्यू या ब्रिटिश कंपनीचं क्यू-बॉट आलं, हातात मावणारं यंत्र, तुमच्या बदल्यात ते रांग धरतं पण ते भाड्याने. नंतर ऑक्टोबर २०२१ मध्ये फ्लोरिडातल्या डिस्नेतही फुकटचं जाऊन जिनी प्लस आलं, माणशी दिवसाला १५ डॉलर. २०२४ मध्ये त्याचंच नाव लाइटनिंग लेन मल्टी पास झालं आणि त्याच वर्षी वरचा प्रीमियर पास आला, इथे सुरुवातीचा भाव पार्क आणि तारीख बघून १२९ ते ४४९ डॉलर, माणशी, एका दिवसाचा, आणि पार्कचं तिकीट वेगळंच. जी गोष्ट सगळ्यांना मिळायची ती आता माणसाचा खिसा बघून मिळते, मला हे अजिबात आवडत नाही आणि मी इथे तसं फीडबॅक फॉर्ममध्ये लिहूनही देतो.

व्हर्च्युअल रांगेचं म्हणाल तर वाट बघणं संपत नाही, फक्त उभं राहावं लागत नाही. युनिव्हर्सलचं व्होल्कॅनो बे नावाचं वॉटर पार्क २०१७ मध्ये उघडलं, तिथे प्रत्येकाच्या मनगटाला टापू टापू नावाचा बँड असायचा, राईडपाशी टेकवला की नंबर लागायचा आणि वेळ झाली की बँड कळवायचा. ऐकायला छान, पण गर्दीच्या दिवशी कित्येक तासांनंतरची वेळ यायची. आणि जिथे व्हर्च्युअल नंबर लावून दुसऱ्या राईडच्या साध्या रांगेत उभं राहता येतं तिथे एक माणूस एकाच वेळी दोन रांगा अडवतो, मग बाकीच्या रांगा फुगतात, खायच्या काउंटरची सुद्धा. स्टार वॉर्सवाली मोठी राईड डिसेंबर २०१९ मध्ये इथे उघडली तेव्हा तिला साधी रांगच नव्हती, सकाळी फोनवर ग्रुप नंबर घ्यायचा आणि थोड्या मिनिटांत दिवसभराचे संपायचे, आपल्याकडे तत्काळला दहाच्या ठोक्याला सगळे बोट टेकवून बसतात ना अगदी तसं. ज्याला फोन भराभर चालवता येत नाही तो म्हातारा माणूस बाहेरच. तरीही पैशाच्या पासपेक्षा मी ही पद्धत बरी समजतो, निदान सगळ्यांचा नंबर एकाच यादीत असतो.

महालचे_काका

सगळ्यांचं वाचलं. मी थोडा वेगळ्या मताचा आहे. खाजगी करमणुकीची जागा आहे, त्यांनी दोन भाव ठेवले तर त्यात पाप काही नाही. ज्याचे गुडघे गेलेत, ज्याला तासभर उभं राहता येत नाही, त्याने पैसे देऊन वेळ वाचवला तर कोणाचं काय बिघडलं. माझा राग देवळात पैसे घेतात त्यावर आहे. तिरुपतीला ३०० रुपयांचं वेगळं दर्शन आहेच ना, निदान तिथे फुकट दर्शनालाही वेळेचं टोकन देतात. आणि आपल्या शेगावला बघा, पैसे देऊन पुढे जायची सोयच ठेवलेली नाही, सगळ्यांना तीच रांग, मध्ये बसायला जागा, प्यायला पाणी, सेवेकरी हात जोडून माऊली म्हणतात. रांग नीट ठेवली तर माणूस तीन तास शांत बसतो हे मी स्वतः बघितलंय.

साखळीवाला_भाऊ

काका, गुडघे गेलेल्या माणसाकडून पैसे काहून घ्यायचे? त्याले, गरोदर बाईले, अपंग पोराले फुकटच पुढं सोडाले पाहिजे, आमच्याकडं एखादा ऑपरेटर आपल्या मनानं सोडे आणि रांगेतलं कोणी एक शब्द बोलत नसे. लोकायले तेव्हा राग येतच नाही. राग येते तो धडधाकट माणूस पट्टा दाखवून जाते तेव्हा. आणि शेगावचं तुम्ही बरोबर सांगितलं, सावली, पाणी अन् बसाले जागा, एवढं पार्कवाल्यांनी केलं तर अर्धे पास विकलेच जाणार नाही, आता म्हणून तर करत नसन असं मले वाटते.

महालचे_काका

हे मान्य. दुखणाऱ्या माणसाला फुकट सोडलं पाहिजे, तेवढं माझं म्हणणं मागे घेतो. पण पास विकणाऱ्याने आज किती विकले याचा बोर्ड तिकीट खिडकीवर लावावा, म्हणजे साधं तिकीट काढणाऱ्याला आधीच कळेल आज आपलं काय होणार आहे.

प्रतापनगरची_आई

सगळ्यांचे खूप आभार, काकांची बोर्डाची कल्पना तर फारच आवडली. तेलंगणातल्या शाळांचं डोक्यातच आलं नव्हतं. काल रात्री दिरांना हा धागा वाचायला दिला, ७२० सीटांचा हिशोब त्यांनी परत परत वाचला. शनिवारचं बुधवारवर आणलंय, आधी चारमिनार आणि गोवळकोंडा, मग वंडरला, आणि आठही जण साध्या तिकिटावर. जाऊबाई थोड्या नाराज आहेत, त्यांना उन्हात उभं राहवत नाही, पण मी म्हटलं त्यांचा नंबर मी धरते, तुम्ही सावलीत बसा. असं चालतं ना भाऊ? आणि माझा धाकटा उंचीला जरा कमी आहे, त्याला मोठ्या कोस्टरला सोडतील का?

साखळीवाला_भाऊ

एकासाठी नंबर धरला तर कोणी काही म्हणत नाही, आठ जणांसाठी एकच उभा राहिला तर मागचे भांडतात, तेवढं पाहा. उंचीचं मात्र कोणाच्या हातात नाही ताई, राईडच्या तोंडाशी पट्टी असते, तिथं कमी भरला तर ऑपरेटर सोडणार नाही आणि सोडूही नये, बार त्या उंचीच्या हिशोबानं बसते. घरीच मोजून घ्या आणि वेबसाइटवर राईडप्रमाणे उंची पाहून त्याले आधीच सांगून ठेवा, तासभर उभं राहून वापस फिरलेलं पोरगं लय रडते. अजून एक, पाण्याच्या राईडले कॉटनचे कपडे चालत नाही, नायलॉनचेच लागते, तिथं घ्याल तर महाग पडन, इतवारीतून आठही जणांचे आधीच घेऊन जा.