मदत हवी आहे : १९६४ ची इम्पाला, जमिनीला टेकलेली

१९६४ च्या शेव्हरोले इम्पालाचं १/२५ प्रमाणातलं प्लॅस्टिक किट जोडतोय. लॉस एंजेलिसच्या लोरायडर (मुद्दाम खाली बसवून सजवलेल्या गाड्या) थाटात करायची आहे, पण पुढून-मागून खाली बसलेली. हायड्रॉलिक्स लावून एक चाक हवेत उचललेली नको, तसल्या फार झाल्या.

मागचा अ‍ॅक्सल वर घेतला की चॅसीला अडतो. खऱ्या गाडीत तिथे फ्रेमला वरच्या दिशेने खाच पाडतात. मॉडेलमध्ये तसं कापून आतून प्लॅस्टिकची पट्टी चिकटवली तर ताकद राहील का? की स्प्रिंगच कापणं पुरेसं? लोरायडरवरची १३ इंची तारांची चाकं या प्रमाणात जेमतेम १३ मिमीची होतात, तरी पुढे मडगार्डला घासतील असं दिसतंय. चाकं वळती ठेवायची आहेत.

दुसरी अडचण रंगाची. चंदेरी थरावर पारदर्शक कँडी लाल मारणार आहे. प्रत्येक हाताने छटा गडद होत जाते, मग बॉनेट आणि दारं वेगवेगळी रंगवली तर छटा जुळवायची कशी? छपरावर ‘जिप्सी रोज’ या प्रसिद्ध लोरायडर इम्पालासारखी फुलं काढायचा मोह आवरलाय, नुसते पट्टे. क्रोमच्या पट्ट्यांसाठीची चकचकीत फॉइल क्लिअर कोटच्या (वरच्या पारदर्शक थराच्या) आधी लावता की नंतर?

एअरब्रश आहे. कुणी केलं असेल तर चॅसीच्या खालच्या बाजूचे फोटो टाका प्लीज.