पाळीव कुत्र्यांना नसबंदी आणि चिपची सक्ती नको. मी सही का केली नाही, ते सांगतो

होटगी_रोडकर

रविवारी आमच्या कॉलनीत बैठक झाली. विषय भटक्या कुत्र्यांचा होता, पण ठराव निघाला पाळीव कुत्र्यांवर. सोलापूर शहरातल्या प्रत्येक पाळीव कुत्र्याची नसबंदी आणि मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची नंबराची चिप) सक्तीची करा, न करणाऱ्याला दंड लावा, असा अर्ज महापालिकेला द्यायचं ठरलं. चेन्नई महापालिकेने 2025 मध्ये परवाना आणि चिप बंधनकारक केली, विनापरवाना कुत्र्याला 5000 रुपये दंड ठेवला, हे उदाहरण सगळ्यांच्या तोंडी होतं. जवळजवळ सगळ्यांनी सह्या केल्या, मी केली नाही. त्यावरून ग्रुपवर बरंच ऐकून घेतलं, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

माझा विरोध नसबंदीला नाही. आमची चिमी गावठी कुत्री. सहाव्या वर्षी तिच्या गर्भाशयात पू झाला. सारखी पाणी पीत होती, भाकरीकडे बघत नव्हती. गर्भाशय काढलं तेव्हा कुठे वाचली. वेळेत नसबंदी केली असती तर तिचे ते हाल झाले नसते, आणि ती चूक माझी आहे. पण घरात दुसरा बाळू आहे, तेरा वर्षांचा. त्याचं हृदय कमजोर आहे. याला भूल द्यायची नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. एकाच घरातल्या दोन कुत्र्यांना दोन वेगळे निर्णय लागतात. ते डॉक्टर आणि मालक मिळून घेतात, दंडाची पावती घेऊ शकत नाही.

वयाचाही प्रश्न आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी 2013 मध्ये गोल्डन रिट्रीव्हरवर आणि 2020 मध्ये 35 जातींवर अभ्यास प्रसिद्ध केला. काही मोठ्या जातींत वर्षाच्या आत नसबंदी केली तर सांध्यांचे आजार वाढलेले दिसले, लहान चणीच्या जातींत तसं दिसलं नाही. मग कायद्यात वय कोणतं घालणार?

आता मुख्य मुद्दा. आपल्या पूर्व भागात फिरून या. विड्या वळणाऱ्या बाईच्या दारात कुत्रं असतं. ते तिचं असतं आणि गल्लीचंही असतं. उरलंसुरलं ती घालते, रात्री ते दारात झोपतं. पाळीव म्हणायचं की भटकं? आज कुणी लस टोचायला आलं तर ती कान धरून पुढे आणते. उद्या नसबंदी, चिप आणि दंड घेऊन माणूस आला तर हजार विड्यांच्या हिशोबावर घर चालवणारी ती बाई काय म्हणेल? "आमचं नाही ओ ते." त्या एका वाक्यात कुत्र्याचा मालक जातो आणि पुढच्या वर्षीची रेबीजची लसही जाते. रेबीज लसीने थांबतो, नसबंदीने नाही. 70 टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर त्यांच्यातला फैलाव तुटतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्या 70 टक्क्यांत येणारं कुत्रं आपण स्वतःच्या हाताने लपवायला लावणार आहोत.

चिपबद्दलही गैरसमज आहेत. ती तांदळाच्या दाण्याएवढी असते. तिला बॅटरी नसते, जीपीएस नसतं. स्कॅनर टेकवला की 15 आकडी नंबर दिसतो, बाकी काही नाही. त्या नंबरापुढचा पत्ता आणि फोन कुणीतरी नोंदवावा लागतो, घर बदललं की दुरुस्त करावा लागतो. ती व्यवस्था कोण सांभाळणार, हे बैठकीत कुणी विचारलंच नाही.

विजापूर_रोडची_आई

दादा, तुमच्या चिमीचं वाचून वाईट वाटलं. आता माझं ऐका.

माझ्या मुलाला गेल्या वर्षी पिंडरीला चावा बसला. चावणाऱ्या कुत्र्याच्या गळ्यात पट्टा होता. म्हणजे कुणीतरी पाळलेलं, नकोसं झाल्यावर सोडून दिलेलं. मालक कोण? पट्ट्यावर नाव नाही, गल्लीत कुणी ओळखत नाही. लस घेतलेलं होतं की नाही, कळायला मार्ग नाही. नऊ वर्षांचं पोर. जखमेत सिरमची इंजेक्शनं देताना मी आणि त्याच्या बाबांनी त्याला दाबून धरलं होतं. पुढचे डोस तारखा लावून घेतले, आणि तेवढे दिवस मी रात्री उठून त्याला पाणी प्यायला लावत होते, पाण्याला घाबरतोय का बघायला. लक्षणं दिसल्यावर त्या आजारातून माणूस परत येत नाही हे मला माहीत होतं.

त्या कुत्र्याला चिप असती तर त्याचा मालक माझ्यासमोर उभा राहिला असता. तुम्ही विडी कामगार बाईची काळजी करता, बरोबर आहे. पण महागडं पिल्लू आणून वर्षभराने हायवेला सोडणारा ती बाई नसते. त्याला सक्तीशिवाय कोण आवरणार?

कायदा_वाचक

ताईंशी सहमत. प्राणी जन्म नियंत्रण नियम 2023 मध्ये लिहिलेलंच आहे की पाळीव प्राण्याचं जंतनिर्मूलन, लसीकरण आणि निर्बीजीकरण ही मालकाची जबाबदारी. म्हणजे यात नवीन काही मागितलेलं नाही. इंग्लंडमध्ये एप्रिल 2016 पासून कुत्र्यांना आणि जून 2024 पासून मांजरांना चिप बंधनकारक आहे, नसेल तर 500 पौंडांपर्यंत दंड. तिथे कुणी कुत्री पाळणं सोडलं नाही. ज्याला जबाबदारी नको, त्याने पाळू नये.

होटगी_रोडकर

ताई, तुम्ही लिहिलेलं दोनदा वाचलं. त्या मालकाला शिक्षा व्हायलाच हवी, त्यात माझा एक शब्दही आडवा येणार नाही.

कायदा_वाचक, इंग्लंडचं अर्धंच सांगितलंत. तिथे चिप सक्तीची आहे, नसबंदी नाही. आणि आपल्याकडे सक्तीचा अनुभव आपण घेतलेला आहे. 12 मार्च 2024 ला केंद्राने राज्यांना पत्र पाठवलं की 23 जातींवर बंदी घाला आणि घरात आधीच असलेल्या त्या जातींच्या कुत्र्यांची नसबंदी करा. महिनाभरात कर्नाटक उच्च न्यायालयाने आणि पाठोपाठ दिल्ली उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. संबंधितांचं म्हणणंच ऐकून घेतलं नव्हतं. मधल्या दिवसांत किती लोकांनी घाबरून कुत्री वाटेला लावली असतील, याचा विचार करा. तेच आपण कॉलनीच्या ठरावाने करायला निघालोय.

माणदेशी_मेंढका

राम राम मंडळी. मी सांगोल्याकडचा. शिक्षणासाठी सोलापुरात असतो, घरी मेंढरं आहेत.

आमच्या वाड्यावर तीन कुत्री. त्यातली एक कारवानी, उंच, पोट आत गेलेलं, सशामागं सुटली तर डोळ्याला दिसत नाही. लांडगा आला तर रात्री आम्ही उठायच्या आधी ती उठतात. ही जात आपल्या भागाची. कुठल्या मोठ्या संस्थेनं नाही, धनगरांनी आणि गावोगावच्या शौकिनांनी चांगल्या कुत्रीला चांगला कुत्रा दाखवून पिढ्यान्‌पिढ्या राखलेली. पंतप्रधानांनी ऑगस्ट 2020 मध्ये रेडिओवर देशी कुत्री पाळा म्हणून सांगितलं, मुधोळ जातीचं नाव घेतलं. मग देशी कुत्री पाळायची आणि सगळ्यांची नसबंदी करायची, हे दोन्ही कसं जमायचं? आज शहराचा नियम, उद्या जिल्ह्याचा. एक पिढी कापली की जात संपली. ती परत दुकानात मिळत नाही.

नंबराला मात्र आमचा विरोध नाही. आमच्या म्हशींच्या कानात 12 आकडी पिवळा बिल्ला आहे. तो दंडाच्या भीतीनं नाही बसला. लाळ-खुरकूताची लस फुकट टोचायला माणूस गोठ्यात आला, त्यानंच बिल्ला मारला. कुत्र्याच्या चिपचं असंच करा की.

सात_रस्ता_७७

1976 मध्ये माणसांच्या सक्तीच्या नसबंदीचं विधेयक आपल्याच विधिमंडळाने मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून वाचलो. सक्ती म्हटली की मला तेच आठवतं.

कायदा_वाचक

माणसाची नसबंदी आणि कुत्र्याची नसबंदी एका तागडीत घालू नका. ज्यांच्यावर तेव्हा जबरदस्ती झाली त्यांचा तो अपमान आहे.

दवाखान्यात_काम_करणारी

मी जनावरांच्या दवाखान्यात नऊ वर्षं मदतनीस आहे. दोन्ही बाजू रोज बघते.

सकाळी शटर उघडलं की पायरीशी खोका असतो. आत चार-पाच पिल्लं, डोळेही न उघडलेली. कुत्री माजावर आली तेव्हा बांधून ठेवली नाही, दोन महिन्यांनी व्याली, आणि पाप दवाखान्याच्या दारात. लोकांना समजावून मी थकले. "एकदा तरी आई होऊ दे तिला" हे मी इतक्या वेळा ऐकलंय. तसं न झाल्याने कुत्रीचं काहीही बिघडत नाही. उलट पहिल्या-दुसऱ्या माजाच्या आधी नसबंदी केली तर स्तनाच्या गाठींचा धोका बराच कमी होतो. म्हणून माझं मन सक्तीकडे झुकतं.

पण होटगी_रोडकर काका, बाळूसारखी कुत्रीही येतात आणि त्यांना टेबलावर घ्यायला आमचे डॉक्टरही नाही म्हणतात. शिवाय ऑपरेशन म्हणजे नुसता टाका नव्हे. आधी रक्त तपासायचं, दहा दिवस टाके चाटू द्यायचे नाहीत, पावसात भिजू द्यायचं नाही. पत्र्याच्या एका खोलीत राहणाऱ्याने हे कसं करायचं? पैसे माफ केले तरी जागा कुठून आणायची? ऑपरेशननंतर ठेवायला पिंजरे आणि बघायला माणूस, एवढं आधी उभं राहिलं तर अर्ध्याहून जास्त लोक आपणहून येतील, असं मला वाटतं.

विजापूर_रोडची_आई

आणि उरलेले अर्धे?

दवाखान्यात_काम_करणारी

ताई, उरलेल्यांत पिल्लं विकणारे जास्त असतात. एकाच कुत्रीला प्रत्येक माजाला लावतात. कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या 2017 च्या नियमांप्रमाणे अशा पैदासकाराने नोंदणी करायची असते, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नसतं. आमच्याकडे पहिल्या लसीला येणारी कित्येक पिल्लं महिन्याचीच असतात. कुठून आणलं विचारलं तर "ओळखीतून" एवढंच सांगतात.

होटगी_रोडकर

मग दंड तिथे लावू या. विकलं जाणारं प्रत्येक पिल्लू चिप लावूनच, विकणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या नावासकट जाऊ दे. ही सक्ती मला मान्य आहे आणि त्यावर मी पहिली सही करतो. ताई, तुमच्या मुलाला चावलेलं कुत्रं असं विकत आणलेलं असेल तर त्याचा माणूस याच वाटेने सापडला असता. दारातल्या, गल्लीतल्या कुत्र्यांना लस आणि चिप घरपोच, फुकट. नसबंदी डॉक्टरांच्या सल्ल्याने, खर्च महापालिकेचा, दंड नाही. देशी जात राखणाऱ्यांची नोंद वेगळी. अर्ज मी असा नव्याने लिहितोय.

विजापूर_रोडची_आई

नसबंदीचं मला अजून पटलेलं नाही. दंड नसेल तर खोक्यातली पिल्लं येतच राहणार. आणि आणून वर्षभराने सोडून देणाऱ्यावर काय कारवाई, ते तुमच्या अर्जात दिसत नाही. ते आधी घाला. चिपचा भाग चालेल. कागद तयार झाला की पाठवा, वाचून सांगते.